कोणाचं बोलायचं राहिलं का?

भांडणाने मोडलेल्या बैठका लोकांच्या लक्षात राहतात. आवाज चढले, कोणीतरी तावातावाने उठून गेलं, की त्या बैठकीची चर्चा गावाला आठवडाभर पुरते. शांतपणे वाया गेलेल्या बैठकांची आठवण मात्र कोणी ठेवत नाही. तिथे सगळं रीतसर झालेलं असतं. नोटीस निघते, हजेरीवर सह्या होतात, विषय वाचले जातात, माना डोलतात, चहा येतो आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो. ज्यासाठी माणसं जमलेली असतात ते बोलणं सुरू होतं सगळे उठून चपला शोधायला लागल्यावर, दाराशी, दोघादोघांत, हळू आवाजात. मी अनेक वर्षं विदर्भातल्या खेड्यांमधून बचत गटांच्या, ग्रामसभांच्या, कधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना बसत आले आहे. आता नव्या कार्यकर्त्यांना बैठक घ्यायला शिकवते. दाराशी होणारं ते बोलणं परत सतरंजीवर कसं आणायचं, एवढंच मी शिकले आणि एवढंच शिकवते.

मला हे शिकवलं एका सहयोगिनीने. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ साली स्थापन झालं. त्याच्या कामात गावोगाव हिंडून बचत गट बांधणाऱ्या बाईला सहयोगिनी म्हणतात. आमच्या या बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. बैठकीच्या जागी पोचल्या की त्या आधी सतरंजी बघायच्या. सगळ्या जणी गोल बसतील एवढी ती मोठी नसेल, तर गुंडाळून ठेवायला लावायच्या आणि सगळ्यांना सारवलेल्या अंगणात बसवायच्या, स्वतःही बसायच्या. सतरंजी अपुरी पडली की तिच्यावर कोण बसणार आणि मातीत कोण बसणार, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. बैठकीचा पहिला शब्द निघण्याआधीच त्या ठरलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा निश्चय होता. जातीवर त्या भाषण करत नसत. सतरंजी गुंडाळत.

मग त्या स्वतःची जागा निवडायच्या. प्रत्येक गटात एक तरी बाई अशी असते, की कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तिच्याच तोंडून पहिलं येतं. बाई नेमक्या तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसत. समोर बसलं की नजरानजर होते आणि बोलकीला आणखी बोलावंसं वाटतं. शेजारणीकडे मान वळवून कोणी फार वेळ बोलू शकत नाही. सगळ्यात गप्प राहणारी बाई अशा वेळी आपोआप त्यांच्या समोर यायची. तिच्याकडे त्या रोखून बघत नसत, पण तिने तोंड उघडायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा त्यांना दिसायचा. आणि तो श्वास दिसला की त्या दुसऱ्या कोणाला पुढचं वाक्य सुरू करू द्यायच्या नाहीत.

पेरणीच्या तोंडावरची एक बैठक मी विसरणार नाही. गटाजवळ शिल्लक थोडी होती आणि कर्जाच्या मागण्या तीन आल्या होत्या. दोघींना बियाण्यासाठी पैसे हवे होते. तिसरीला मुलाला आयटीआयमध्ये घालायचं होतं. ती विधवा, मजुरीवर जगणारी. अध्यक्ष असलेल्या काकूंनी सरळ निकाल दिला, "बियाण्याले द्या. पाणी पडून गेल्यावर त्या पैशाचं काय करता?" बोलणं चुकीचं नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. तिसरीनेही हलवली आणि म्हणाली, "मले नाही दिलं तरी चालते."

नव्वद टक्के बैठका या वाक्यावर पुढच्या विषयाकडे सरकतात. रजिस्टरात लिहिलं जातं, की सदस्याने मागणी स्वखुशीने मागे घेतली. आमच्या सहयोगिनी म्हणाल्या, "कसं चालते, ते सांग ना बाई." आणि गप्प राहिल्या. ती शांतता मला सोसवत नव्हती. कोणी पदराशी चाळा करत होतं, कोणी उगाच पासबुक उघडून बघत होतं. काकू काही बोलायला गेल्या तर बाईंनी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने ती तिसरी बोलली. गळ्यातली पोत गहाण टाकायचं तिने ठरवलं होतं. पोत सोन्याची असली तरी नवऱ्याची तेवढीच खूण उरली होती. याआधी एकदा कानातलं असंच गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. पुढचं सगळं गटाने केलं. बियाणं मागणाऱ्यांपैकी एक म्हणाली, की कृषी केंद्रवाला तिला निम्मं उधारीवर देतो, तेव्हा तिला निम्मेच पुरतील. दुसरीने हप्ता कमी करून मागितला. काकूंनीच शेवटी हिशोब मांडला आणि तिघींचं भागलं. बाईंनी त्या सगळ्या वेळात एकच वाक्य उच्चारलं होतं.

ते एक वाक्य आणि त्यानंतरचं थांबणं शिकायला मला फार काळ लागला, आणि मी ज्यांना शिकवते त्यांनाही लागतो. प्रश्न विचारला आणि कोणी बोललं नाही, की नवीन कार्यकर्ता घाबरतो. तो तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, मग आणखी सोपा करून विचारतो, मग उत्तर स्वतःच सुचवतो आणि माना हलल्या की "तर सगळ्यांचं असं म्हणणं आहे" म्हणून मोकळा होतो. खरं तर लोक त्या वेळात विचार करत असतात. ज्याला आयुष्यात कोणी मत विचारलेलं नाही, त्याला ते मनातून शोधून ओठांवर आणायला वेळ लागतो. आपल्याकडे अजून एक अडचण आहे. सासू बोलल्यावर सून बोलत नाही, पाटील बोलल्यावर मजूर बोलत नाही, साहेब बोलल्यावर कारकून बोलत नाही. म्हणून क्रम उलटा करावा, लहानांपासून सुरुवात करावी, मोठ्यांनी शेवटी बोलावं. प्राचीन ज्यू न्यायमंडळात देहान्त शिक्षेच्या खटल्यात मत द्यायची सुरुवात कनिष्ठ सदस्यांपासून करावी, असा नियम मिश्ना या त्यांच्या ग्रंथात आहे. ज्येष्ठाचं मत ऐकल्यावर धाकट्याची जीभ अडखळते, हे त्यांनीही जाणलं होतं. माणसाचा जीव ज्या निर्णयावर अवलंबून आहे, तिथे त्यांना तो धोका नको होता.

काही वेळा मात्र बोलण्याचा आग्रहच सोडून द्यावा. रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सोबतच्या भारतीय कार्यकर्त्यांनी लोकसहभागी मूल्यावलोकनाची जी पद्धत १९९० च्या सुमाराला रुजवली, तिने मला हा धडा दिला. गावाचा नकाशा लोकांनीच जमिनीवर काढायचा. खडू, रांगोळी, चिंचोके, पानं, हाताला येईल ते घ्यायचं. काठी हातात असलेल्याने ती दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं चेंबर्स सांगत. सभेत तोंड न उघडणाऱ्या बाया रांगोळीने विहिरी दाखवतात, आटणाऱ्या विहिरीवर खडा ठेवतात आणि कुठल्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नाहीत तेही त्याच शांतपणे मांडून जातात. जमिनीवर काढलेली रेघ पुसता येते, म्हणून ती काढायला भीती वाटत नाही. आणि नकाशा सगळ्यांच्या पायाशी असतो, कोणाच्याही पाठीमागच्या भिंतीवर नाही.

आपण सगळे घरचेच, नियम कशाला, असं म्हणणाऱ्या बैठकांपासून मी सावध राहते. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण नियम नसले म्हणून सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीत काम करताना जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच लिहिलं होतं. ज्या गटांनी नेता नको, रचना नको म्हटलं, त्यांच्यातही काही मैत्रिणींचं कोंडाळं सगळं ठरवत होतं, आणि रचना मान्यच नसल्याने त्यांना जाब विचारण्याची सोय उरली नव्हती. ज्याचा आवाज मोठा, ज्याला वेळ भरपूर, ज्याची ओळख वरपर्यंत, त्याला नियमांची गरज पडत नाही. नियम इतरांसाठी असतात. हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी इंजिनिअरने सभाकामकाजाच्या नियमांचं पुस्तक १८७६ साली छापलं. ते आज जडजंबाल वाटतं, पण त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते: जो अजून एकदाही बोललेला नाही, त्याला दुसऱ्यांदा बोलू पाहणाऱ्याच्या आधी संधी. कुठल्याही वस्तीतल्या समाजमंदिरात हा नियम समजावायला दोन मिनिटं लागतात आणि तो पाळायला लागल्यावर बैठकीचा चेहरामोहरा पालटतो.

वेळेबद्दलही बोललं पाहिजे. बैठक कधी ठेवली यावरूनच तिथे कोण येणार नाही हे ठरतं. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक ठेवली तर मजुरीवर जाणारी एकही बाई येणार नाही, आणि मग बायांना गावकीत रस नाही असा शेरा मारायला आपण मोकळे. रात्री ठेवली तर स्वयंपाक आटपून, लेकरं निजवून बाया येतात, पण तासाभराने त्यांचे डोळे मिटायला लागतात. म्हणून वेळेवर सुरू करणं आणि सांगितलेल्या वेळेला उठणं हा शिष्टाचाराचा भाग नव्हे, कोणाच्या तरी झोपेचा आणि मजुरीचा मान आहे. अवघड विषय आधी घ्यावा, सगळे ताजेतवाने असताना. सोपे विषय शेवटीही होतात.

आपला कायदा या बाबतीत कागदावर बराच शहाणा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. महाराष्ट्रात मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आहे. ज्याने कोणी ती लिहिली त्याला खेड्यातलं अंगण ठाऊक असणार. बायांच्या सभेत दारूचा विषय निघतो, शौचालयाचा निघतो, रेशनचा निघतो. एकदा आपापसांत बोलून झालेलं असलं की मुख्य सभेत एकीने विषय काढल्यावर बाकीच्या "हाव, खरं हाय" म्हणून उभ्या राहू शकतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती भरली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. इथे सगळं निसटतं. पहिल्या सभेला कोणी फिरकलं नाही तरी चालतं, कारण दुसरीत चारपाच जण बसून तेच विषय मंजूर करू शकतात. विषयपत्रिकेच्या तळाशी असलेला "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" हा रकाना तर मी नेहमी आधी वाचते. गावाचं ज्यात सगळ्यात जास्त जायचं असतं, ते पुष्कळदा त्या रकान्यातून जातं.

तरीही हा कायदा खरा करून दाखवणारं गाव आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा देशभर गेली. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत ते आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क त्यांच्या हाती आला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्यामुळे सगळ्यांना माहीत झाली. मिलिंद बोकीलांनी या गावाची गोष्ट पुस्तकात लिहिली आहे. पण माझ्यासारखीला मेंढ्याचं जंगल जितकं भुरळ घालतं, त्याहून जास्त त्यांची बैठक घालते.

तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. बाहेरच्या माणसाला वाटतं, असं गाव कधी काही ठरवू शकेल का? ते ठरवू शकतं, कारण त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात कोणीही येऊन बसावं, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, कायदा वाचावा, वाद घालावा, हवं तेवढं बोलावं. पण तिथे काही ठरवायचं नाही. ठरवायचं ते ग्रामसभेत, गावातल्याच माणसांनी. जाणकार कितीही मोठा असला तरी त्याच्या माहितीला मान आणि निर्णयात हात नाही.

या वाटणीचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या बहुतेक बैठका बिघडतात त्या विचार करणं आणि ठरवणं एकाच तासात कोंबल्यामुळे. समोर ठराव असला की माणूस आपली बाजू धरून बसतो, शंका विचारणंसुद्धा विरोधात मोजलं जातं. ठरवायचंच नाही असं आधीच कबूल असलं की तोच माणूस मोकळेपणी म्हणतो, "मला हे कळलं नाही, परत सांगा." मी गृहनिर्माण संस्थांच्या सभांनाही गेले आहे. पुनर्विकासासारखा आयुष्यभराचा निर्णय तिथे वार्षिक सभेत, जेवणाआधीच्या अर्ध्या तासात, हात वर करून घेतलेला पाहिला आहे. पन्नास-साठ शिकलेली माणसं होती. त्यांना चार संध्याकाळी निव्वळ समजून घेण्यासाठी एकत्र बसणं अशक्य नव्हतं. मेंढ्यातली माणसं दिवसभर जंगलात आणि शेतात राबून बसतात.

सर्वसहमतीचा धोकाही मला माहीत आहे. गप्प बसलेल्याला सहमत धरलं की सर्वसहमती म्हणजे दडपण होतं. ज्या गावात एकच जात, एकच घराणं सगळं चालवतं, तिथे "आमच्याकडे सगळं एकमताने होतं" हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. मेंढ्याचं वैशिष्ट्य तिथल्या एकमतात नाही, अडवणाऱ्याला दिलेल्या वेळात आहे. विरोध करणाऱ्याला काय दिसतंय ते बाकीच्यांना दिसत नाही, असं धरून चाललं तर सभा थांबायला तयार होते.

अडवणाऱ्याचा असा मान राखल्याचं मोठं उदाहरण घटना समितीतही आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी समितीतल्या बंडखोरांची आवर्जून नावं घेतली. त्यात कामत होते, सिधवा होते आणि आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुखही होते. पक्षशिस्त काटेकोर पाळली गेली असती तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती, असं ते म्हणाले. या सदस्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. ज्यांच्या दुरुस्त्यांना त्यांनी महिनोन्‌महिने उत्तरं दिली, त्यांचे आभार त्यांनी देशासमोर मानले. बैठक चालवणाऱ्याने यापलीकडे काय शिकायचं?

बाकी पुष्कळ तंत्रं आहेत, ती प्रशिक्षणात सांगता येतात. शेवटी मी नव्यांना एक गोष्ट बजावून सांगते, ती रजिस्टराची. एका गावात मी ग्रामसभेला बसले होते. गायरानाच्या जमिनीवर दोन तास चर्चा झाली, बायांनी ठामपणे नाही म्हटलं, ठराव झाला नाही. नंतर नक्कल काढली तेव्हा प्रोसिडिंग बुकात ठराव मंजूर झालेला होता, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह. खाली हजेरीच्या सह्या आणि अंगठे होते, सभेच्या सुरुवातीलाच कोऱ्या पानावर घेतलेले. त्या बायांनी पुढे अर्ज केले, तालुक्याला खेटे घातले. दोन तासांचं ते सगळं धाडस एका कोऱ्या पानाने गिळलं होतं.

म्हणून तुम्ही जिथे कुठे बसत असाल, ग्रामसभेत, बचत गटात, सोसायटीत, शाळेच्या समितीत, एवढं करा. कोऱ्या पानावर सही करू नका. सभा उठायच्या आधी, सगळे बसलेले असताना, लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावा. कोणाचं बोलायचं राहिलं का, असं विचारा आणि थांबा. कोणाचा विरोध असेल तर तो त्याच्या शब्दांत, त्याच्या नावाने लिहायला लावा. मग सही करा, आणि पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या.